बोर्ड राहू दे, पुलाचा उतार सोडा

पत्र थोडक्यात असं आहे:

"सर, नमस्कार. आम्ही बेळगावातल्या शहापूरचे. मी उद्यमबागमध्ये एका फौंड्रीत कामाला आहे. मुलगी सातवीत. सहाव्या वर्षापासून रिंकवर चार चाकांचे स्केट्स खेळते, बक्षिसंही आणलीत. गेल्या दिवाळीत तिच्या मामानं ऑनलाइन मागवून स्केटबोर्ड दिला आणि तेव्हापासून स्केट्स माळ्यावर. गल्लीतली पाच-सहा पोरं आहेत, त्यांच्याबरोबर संध्याकाळी कपिलेश्वर पुलाच्या उतारावर जाते, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. महिन्यापूर्वी हातावर पडली. मनगट सुजलं होतं. आईनं हळद-तुरटीचा लेप लावला, सूज उतरली. बाटलीचं टोपण फिरवताना अजून थोडं दुखतं म्हणते. हेल्मेट घाल म्हटलं तर म्हणते, मोबाईलवरचे कोण घालत नाहीत आणि पोरं हसतात. माझी आई म्हणते, पोरीच्या जातीला हे थेर कशाला, हात वाकडा झाला तर कोण करून घेणार. बायको म्हणते, परत स्केट्सवर पाठवा. मी मधी अडकलोय. बंद करू का? चालू ठेवायचं तर काय काय सामान लागतं? आणि पुढं स्पर्धा असतात का? असल्या तर तिनं कर्नाटकाकडून खेळायचं की महाराष्ट्राकडून?"

– एक बाप, शहापूर

नमस्कार.

टोपण फिरवताना दुखतं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी तिथंच थांबलो. बाकीचं सगळं चार दिवस राहू दे, आधी लेकीला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि एक्स-रे काढून घ्या.

या वयात हाडं वाढत असतात. मनगटापाशी हाडाच्या टोकाला वाढीचा मऊ भाग असतो. पडताना हात टेकला की मार नेमका तिथं बसतो, आणि वरून बघणाऱ्याला तो नुसता मुरगळल्यासारखा वाटतो. दुसरीही एक जागा आहे. तिला अंगठा ताठ वर करायला सांगा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा दिसेल. तिथं बोटानं हलकं दाबल्यावर कळ आली, तर आतल्या छोट्या हाडाला चीर गेल्याची शंका घ्यावी लागते. ही चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, दहा-पंधरा दिवसांनी दुसऱ्यात दिसते. म्हणून डॉक्टरांना कधी पडली, कशी पडली, हात कसा टेकला हे सगळं सांगा. लेपानं सूज उतरली असेल, त्यावरून आईंशी वाद घालू नका. पण सूज उतरली म्हणजे हाड शाबूत, असं होत नाही. तेल लावून चोळणं नको, आणि कुणाकडून ओढून बसवून घेणं तर अजिबात नको. डॉक्टर हो म्हणेपर्यंत बोर्ड कपाटात.

आता तुमचा प्रश्न. बंद करू का? नका करू.

सहा वर्षं चाकांवर उभी राहिलेली पोरगी आहे. तोल तिला आहे, वेगाची भीती मोडलीय, पडण्याची सवय आहे. असं मूल बोर्डाकडे वळणारच. बंदी घातलीत तर ती खेळायची थांबणार नाही, फक्त तुम्हाला सांगायची थांबेल. पुलावर जाते हे आताच तुम्हाला शेजाऱ्यांकडून कळलंय. बायकोचं म्हणणंही समजतं मला. स्केट्सची रिंक असते, सर असतात, वेळ ठरलेली असते, घरच्यांना घोर नसतो. बोर्डाला यातलं काहीच नाही, आणि तुमच्या घरातली खरी अडचण हीच आहे. बोर्ड आला, पण त्याच्याबरोबर रिंक आली नाही, शिकवणारं कोण आलं नाही, नियम आले नाहीत. ते आता तुम्हाला उभे करावे लागणार. सामान विकत मिळतं, हे मिळत नाही.

पुलाचं आधी संपवू. कपिलेश्वरचा उतार आजपासून बंद, यात तडजोड नाही. बोर्डाला ब्रेक नसतो. मागचा पाय जमिनीवर घासून थांबायचं असतं, आणि ते सपाट जागेवर अंगात भिनायलाच बरेच दिवस जातात. उतारावर वेग आपोआप चढतो. माणसाला पळता येईल त्याहून जास्त वेग झाला की बोर्डावरून उतरता येत नाही, फक्त पडता येतं. ढिल्या बोर्डाची चाकं तेवढ्यात डाव्या-उजव्या अंगाला थरथरायला लागतात, मग शिकलेल्यालाही ते आवरत नाही. हे सगळं मोकळ्या रस्त्यावरचं झालं. तुमच्या पुलावर तर मागनं बस, पुढनं रिक्षा, मधे टेम्पो. डोक्यावर जगातलं सगळ्यात भारी हेल्मेट असलं तरी टेम्पोपुढं त्याचा काय उपयोग? लेकीला हे रागावून सांगू नका. पुलाच्या कडेला तिच्याबरोबर पाच मिनिटं उभे राहा आणि किती गाड्या जातात ते तिलाच मोजू द्या.

आता हेल्मेट, आणि पोरांचं हसणं. तुमच्या पत्रातली खरी गाठ ही आहे, असं मला वाटतं. बाराव्या-तेराव्या वर्षी पोरं आई-बापाचं ऐकत नाहीत, टोळीचं ऐकतात. तुम्ही घरातून हेल्मेट घालून पाठवाल, गल्लीच्या कोपऱ्यावर ते पिशवीत जाईल. शाळेच्या मैदानावर मी असली शेकडो हेल्मेटं आणि नी-पॅड पिशव्यांत बघितलीत. एकट्या पोरीला शहाणं करून भागत नाही, टोळीला करावं लागतं.

प्रत्येक टोळीत एक म्होरक्या असतो. सगळ्यात आधी उडी मारतो तो, आणि बाकीचे त्याच्याकडे बघून मारतात. तो कोण आहे ते शोधा. त्याच्या घरी जा, वडिलांशी बोला. मराठी असो, कन्नड असो, उर्दू बोलणारं घर असो, आपल्या गल्लीत तिन्ही असतात आणि लेकराच्या डोक्याची काळजी तिन्हीकडे सारखीच असते. पाच-सहा घरांनी मिळून एकच नियम करायचा: हेल्मेट नाही तर बोर्ड नाही, आणि तो सगळ्यांना लागू. म्होरक्याच्या डोक्यावर हेल्मेट चढलं की हसायला कोण उरत नाही. शिवाय तुमच्या लेकीकडे एक हुकमाचं पान आहे. पडायचं कसं, हे त्या टोळीत फक्त तिलाच शिकवलेलं आहे. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला डाव नंतर देतो, आधी पडायला लावतो. तेच काम तिच्याकडे द्या. हिरवळीवर गुडघे वाकवून, हनुवटी छातीला टेकवून, खांद्यावरून लोळायचं, हात ताठ टेकायचा नाही. दोन संध्याकाळी तिनं शिकवलं की टोळीत तिचा मान वाढेल, आणि मान असलेल्या पोरीच्या हेल्मेटला कोण हसत नाही.

मोबाईलवरचे घालत नाहीत, हे तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. रस्त्यावर पायऱ्या-कठडे उड्या मारून ओलांडणारे बरेचसे मोठे स्केटर हेल्मेट घालत नाहीत, व्हिडिओ त्यांचेच जास्त दिसतात. पण अमेरिकेचा नामांकित स्केटबोर्डर टोनी हॉक यानं 1999 साली हवेत अडीच गिरक्या मारून जो प्रसिद्ध '900' जमवला, तो हेल्मेट आणि गुडघे-कोपरांचे पॅड चढवूनच. ब्रिटनची स्काय ब्राऊन 2020 मध्ये सराव करताना वरून कोसळली. कवटीला चीर गेली, डावा हात मोडला. तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिनं कांस्य आणलं, तेव्हा ती 13 वर्षांची होती. आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अठराच्या आतल्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचंच होतं. लेकीला त्या स्पर्धेचे व्हिडिओ लावून द्या आणि बघ म्हणा कुणाकुणाच्या डोक्यावर काय आहे.

सामानाकडे येऊ. पैसे मोजकेच असतात, म्हणून क्रमानं सांगतो. आधी हेल्मेट, मग मनगटाचे गार्ड, मग गुडघे, मग बूट, कोपर सगळ्यात शेवटी.

सहाव्या वर्षी घेतलेलं हेल्मेट तिला आता होणार नाही, ते बाद. तुमचं मोटरसायकलचं तर बिलकुल देऊ नका. आय.एस.आय. शिक्का असला तरी ते वेगळ्या कामाचं आहे. पोरीच्या मानेला जड, कान झाकणारं, मागनं काही आलं तर ऐकूही येणार नाही. नवं घेताना आतलं लेबल वाचा. त्यावर ईएन 1078 किंवा एएसटीएम एफ1492 यातलं एक काहीतरी छापलेलं असलं पाहिजे. पहिलं युरोपचं मानक, सायकल, स्केट्स आणि स्केटबोर्ड तिन्हीसाठी. दुसरं अमेरिकेचं, खास स्केटबोर्डासाठी. फरक असा की सायकलच्या हेल्मेटमधला पांढरा कडक फोम एका जोरदार आपटीत दबतो आणि त्याचं काम तिथंच संपतं; पुन्हा वापरायचं नाही, वरून कितीही नवं दिसू दे. दुसऱ्या मानकाची हेल्मेटं पुन्हा पुन्हा बसणाऱ्या माराचा हिशेब धरून तपासलेली असतात, कारण स्केटबोर्डवाला रोजच पडतो. अशा हेल्मेटलाही तडा दिसला तर ते बादच. लेबलच नसलेलं, आत मऊ स्पंज असलेलं रंगीत हेल्मेट दुकानात छान दिसतं. ते डोक्यावर ठेवलेलं टोपलं आहे, घेऊ नका.

मापाचं दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. हेल्मेट कपाळावर आडवं बसलं पाहिजे, भुवईच्या वर दोन बोटं, मागं सरकलेलं नको. बक्कल न लावता तिला मान हलवायला सांगा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं. पट्ट्या दोन्ही कानांखाली इंग्रजी व्हीसारख्या जुळल्या पाहिजेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जाण्याइतकीच जागा. आणि एक गोष्ट पोरांचे बाप विसरतात, कारण त्यांना वेण्या नसतात. उंच पोनी किंवा अंबाडा घातला की हेल्मेट मागनं उचललं जातं आणि कपाळ उघडं पडतं. खेळताना वेणी खाली, मानेवर घालायची, आणि माप घ्यायला जाताना तीच वेणी घालून न्यायची. घरी आल्यावर हेल्मेट पेट्रोलनं किंवा थिनरनं पुसू नका. फौंड्रीतल्या माणसाचा हात आपोआप तिकडं जातो म्हणून मुद्दाम सांगतो. त्यानं प्लास्टिक आणि फोम दोन्ही कमजोर होतात. साबणाचं पाणी पुरे.

मनगटाच्या गार्डमध्ये तळव्याच्या बाजूला कडक प्लास्टिकची पट्टी असते. हात टेकला की ती जमिनीवर घसरते आणि जोर पसरतो. स्केट्सवर तिनं हे घातलेले असतीलच. काही स्केटर म्हणतात गार्ड घालून बोर्ड नीट पकडता येत नाही. खरं आहे, पण बोर्ड हवेत पकडायला तिला अजून वेळ आहे. तोपर्यंत गार्ड, आणि एकदा दुखावलेल्या मनगटाला तर हवेतच. गुडघ्याचे पॅड कडक टोपीवाले घ्या. कापडी मोज्यासारखे जे सेट मिळतात ते दोन उड्यांत पोटरीवर उतरतात. घरात फरशीवर परीक्षा करा: पॅड घालून गुडघ्यावर बसून पुढं घसरायचं. टोपी घसरली आणि पॅड जागचा हलला नाही, तर घ्या.

बूट सपाट तळव्याचे, रबराचे, नाडी घट्ट. शाळेचे कॅनव्हासचे चालतील. पळण्याचे गुबगुबीत तळव्याचे बूट चालत नाहीत, पायाखाली बोर्ड कळत नाही. सँडल, फ्लोटर, क्रॉक्स घालून बोर्डावर पाय ठेवलेला दिसला तर सरळ घरी आणा.

आणि आता तो बोर्ड. मामानं प्रेमानं दिलाय, त्यांना काही बोलू नका. पण मला त्या बोर्डावरच शंका आहे. ऑनलाइन हजाराच्या आसपास जे मिळतं त्यातलं बरंचसं खेळणं असतं, आणि ते खेळणं पाडतं. लेकीच्या पडण्यात तिची चूक किती आणि बोर्डाची किती, हे तपासणं तुमच्याइतकं कुणाला जमणार? टेबलावर उलटा ठेवा.

खाली चाकांना धरणारे दोन धातूचे सांधे आहेत, त्यांना स्केटर लोक ट्रक म्हणतात. चांगले ट्रक अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाचे असतात, आत स्टीलचा अ‍ॅक्सल. तुमच्या सवयीनं बघा: ब्लो होल, म्हणजे ओतताना हवेनं पडलेली भोकं आहेत का, पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ नीट घासलीय का, नखानं ओरखडल्यावर नुसता रंग निघतो की खाली प्लास्टिक दिसतं. प्लास्टिक निघालं तर पुढं बघायची गरज नाही, बोर्ड बाद. मधल्या मोठ्या बोल्टाभोवती रबरासारखे दोन बुश असतात. बोर्ड वळतो तो त्यांच्यावर. बोल्ट फार ढिला असला तर बोर्ड थरथरतो, फार घट्ट असला तर वळत नाही. पोरीच्या वजनाला तो तिच्यासमोरच पाव-पाव फेरा फिरवून जुळवा.

मग चाकं. बोटानं फिरवा. चांगलं चाक बराच वेळ आवाज न करता फिरत राहतं, वाईट चाक खरखरून थांबतं. आतली बेअरिंग 608 नंबरची असतात: आतला व्यास 8 मिलिमीटर, बाहेरचा 22, जाडी 7. ही स्केटबोर्डासाठी वेगळी बनवलेली काही जादूची वस्तू नाही. बेअरिंगच्या दुकानात 608 मागितलं की मिळतं, तुम्हाला उद्यमबागेत पत्ता विचारावा लागणार नाही. एका बोर्डाला आठ. धूळ गेली तर सील सुईनं काढून पेट्रोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. ग्रीस भरू नका, बोर्ड जड चालतो. चाक कडक प्लास्टिकचं असलं तर बदला, पॉलियुरेथेनचं हवं. शोअर हार्डनेस, म्हणजे कडकपणाचा आकडा, हे तुम्हाला सांगायला नको. पार्कातल्या गुळगुळीत सिमेंटवर लोक 99ए च्या आसपासची कडक, 52-54 मिलिमीटरची चाकं वापरतात. आपल्या गल्लीत डांबराची खडी वर आलेली, गणपतीच्या मंडपासाठी पाडलेले खड्डे वर्षभर तसेच. तिथं 78ए च्या आसपासची मऊ आणि जरा मोठी चाकं हवीत. लहान कडक चाकापुढं वाटाण्याएवढा खडा आला तरी चाक जागच्या जागी थांबतं, बोर्ड थांबतो आणि वरचं माणूस पुढं जातं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या जुन्या पाहणीत स्केटबोर्डाच्या दुखापतींपैकी एक तृतीयांश पहिल्या आठवड्यातल्या नवशिक्यांच्या होत्या, आणि पडून झालेल्या दुखापतींत निम्म्याहून जास्त खडबडीत जागेमुळं.

वरची फळी मेपल लाकडाच्या सात थरांची असते. कडेनं थर मोजा. सुटायला लागलेत का बघा, वर उभं राहिल्यावर फळी पोटात वाकते का बघा.

तपासून बोर्ड बाद ठरला तर नवा लगेच घेऊ नका. हेल्मेट आणि गार्ड आधी. संरक्षणाचं सामान आणि बोर्ड यांवर निम्मे-निम्मे पैसे घालायची तयारी असली, तरच बोर्ड घ्यायचा. ही माझी मतं आहेत, पण पक्की आहेत.

जागा कुठली? सगळ्यात बरी म्हणजे रिंकच. सरांना भेटा, आठवड्यातून दोनदा वर्ग सुटल्यावर अर्धा तास मागून घ्या. सहा वर्षांची जुनी विद्यार्थिनी आहे, नाही म्हणणार नाहीत. स्केट्सवाली लहान पोरं रिंकवर असताना मात्र बोर्ड नको. स्केट पायाला बांधलेला असतो, बोर्ड पायाखालून निसटतो आणि दुसऱ्याच कुणाच्या नडगीवर जाऊन आदळतो. रिंक नसेल तर शाळेचं बास्केटबॉल कोर्ट, सुट्टीच्या दिवशी, एक मोठं माणूस सोबत. कॅम्पातले, म्हणजे लष्करी छावणीतले रुंद, झाडांच्या सावलीचे रस्ते पोरांना भुरळ घालतात, पण ते रस्ते वाहनांचे आहेत आणि पाहऱ्याचेही. फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांच्या वाटेतही बोर्ड नको, मग ते व्हॅक्सिन डेपोचं मैदान असो की कुठलं उद्यान.

जून ते सप्टेंबर आपल्याकडं बाहेरचं बंदच समजा. ओल्या जमिनीवर चाक घसरतं, बेअरिंग गंजतात, फळी फुगते. तेवढे चार महिने घरात जुन्या सतरंजीवर बोर्ड ठेवून पायांची जागा, वळणं, उडी यांचा सराव करू दे. सतरंजीवर चाक पळत नाही, म्हणून पायांना धीटपणा येतो. खालच्या मजल्यावरच्यांना आधी विचारा.

पडून डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद, हेल्मेट असलं तरी. त्यानंतर उलटी झाली, जास्त झोप येऊ लागली, बोलण्यात गोंधळ वाटला, डोकेदुखी वाढत गेली, किंवा एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसली, तर सरळ दवाखान्यात, रात्र असली तरी. हे टोळीतल्या प्रत्येक घराला सांगून ठेवा. पोरं मार लागल्याचं घरी लपवतात.

आईंचं. कोण करून घेणार, या वाक्यावर मी काही लिहिणार नाही. ते वाक्य लेकीच्या कानावर पडू देऊ नका, एवढंच. पण आईंना एक गोष्ट सांगून बघा. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं आदिवासी वस्तीचं खेडं आहे. तिथं 2015 साली उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी स्केटपार्क बांधला. नियम दोनच ठेवले. शाळेत गेला नाहीस तर स्केटबोर्ड नाही, आणि बोर्ड आधी मुलींना. त्याच गावची आशा गोंड 2018 मध्ये चीनच्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. आई म्हणतात तसं काहीसं तिथले लोकही म्हणत होते. दोन्ही नियम तुम्ही घरात जसेच्या तसे लावू शकता. निदान पहिला तरी.

आणि हा खेळ फक्त परदेशात आहे असंही नाही. बेंगळुरूत होलीस्टोक्ड नावाच्या स्केटरांच्या गटानं 2013 साली बाहेरून आलेल्या स्केटरांच्या मदतीनं सिमेंटचा पार्क उभा केला. तिथं पोरं एकमेकांना शिकवायची. कधी कामानिमित्त किंवा पाहुण्यांकडे बेंगळुरूला गेलात तर लेकीला एखाद्या स्केटपार्कात तासभर घेऊन जा. खरे स्केटर कसे पडतात, कसे उठतात आणि नवशिक्याला हसतात की हात देतात, हे ती डोळ्यांनी बघेल. मोबाईलवर पडण्याचे प्रसंग कापून टाकलेले असतात. 21 जूनला जगभर गो स्केटबोर्डिंग डे असतो, तेव्हा मोठ्या शहरांतले स्केटर एकत्र जमतात. आपल्याकडं तेव्हा पाऊस असतो, त्याला इलाज नाही.

स्पर्धा आहेत. स्केटिंगची आणि स्केटबोर्डिंगची राष्ट्रीय संघटना एकच, रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया. गुजरातमध्ये 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंग होतं, आणि महिलांच्या स्ट्रीट प्रकारात, म्हणजे रस्त्यावरच्यासारख्या पायऱ्या-कठड्यांवर खेळतात त्यात, महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडनं सुवर्ण जिंकलं. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ टोकियोपासून आहे. तिथं स्ट्रीटचं सुवर्ण घेणारी जपानची मोमिजी निशिया 13 वर्षांची होती, लॉस एंजेलिसला 2028 मध्येही हा खेळ असणार आहे. हे सगळं लेकीला सांगा, पण आताच स्वप्नं विकू नका. अजून तिला थांबायलासुद्धा शिकायचंय.

कर्नाटकाकडून की महाराष्ट्राकडून? या प्रश्नावर आपल्याकडं माणसं रात्र-रात्र बोलतात, आणि मी मुद्दाम त्यात शिरत नाही. खेळापुरतं उत्तर साधं आहे. नोंदणी जिल्ह्याच्या संघटनेतून राज्याकडे जाते, जिल्हा कर्नाटकात आहे, म्हणून ती कर्नाटकाकडून खेळेल. स्केट्सच्या राज्य स्पर्धेला गेली असेल तेव्हाही तशीच गेली असणार. रिंकवरच्या सरांकडे तिची जुनी नोंदणी असेल. स्केटबोर्डिंगसाठी तीच चालते की नवी करावी लागते, वयोगट कुठला पडतो आणि निवड कधी असते, हे त्यांनाच विचारा. निवडीला जाताना हेल्मेट स्वतःचं न्यावं. तिथं उसनं मिळालं तर मापाचं मिळत नाही.